सहार ते वाशी: सतरा कलमं

१८ नोव्हेंबर १९९६

निशांतचं पत्र आलं. चिरंजीव साडेपाच वर्षांनी अमेरिकेहून येताहेत, बारा दिवसांसाठी. विमान सहारला १४ जानेवारी, ००:४५ ला उतरणार. म्हणजे रात्री पाऊण वाजता. इथवर ठीक होतं. पुढचं वाक्य मात्र मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. ‘तुमचं वाशी एअरपोर्टपासून फार लांब पडतं. टॅक्सीवाले वाट्टेल ते मागतात असं इकडे सगळे सांगतात. म्हणून मी आधी अंधेरीला यशराजकडे उतरेन आणि दोन-तीन दिवसांनी सवडीने घरी येईन.’

तुमचं वाशी! जणू वाशी मी खिशात घालून फिरतो. आणि घरी यायला सवड लागते? आईबापाचं घर म्हणजे काय माथेरान आहे का?

हा यशराज कॉलेजातला मित्र. त्याचा फ्लॅट म्हणे विमानतळापासून दहा मिनिटांवर. असेल. विमानतळाशेजारी राहणं हा काही गुण नव्हे.

नंदिनी पत्र घेऊन बाल्कनीत बसली होती. पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, रडायचं काही कारण नाही. ती म्हणाली, “रडत नाहीये. अहो, चौदाची रात्र म्हणजे नक्की कुठली? भोगीची की संक्रांतीची?”

मी म्हटलं, संक्रांत चौदाला, म्हणजे चौदाची रात्र ही संक्रांतीची रात्र. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे, तारखा मला शिकवू नकोस. तिने पत्राची घडी घातली.

२१ नोव्हेंबर

काल झोप लागली नाही. गिरगावातली खोली विकून, फंडाचे पैसे घालून ब्याण्णव साली हा फ्लॅट घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाडीवरचा वारा. घेण्याआधी निशांतला पत्राने कळवलं, तर उत्तर काय, ‘खाडीपल्याड कोण राहणार, बाबा?’ आम्ही राहणार! राहतोय! आजतागायत त्याने हे घर पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी घेतलेली कॉट चार वर्षं भिंतीला लागून आहे, तिच्यावर हिचे पापड वाळतात.

तो गेला तेव्हा मी पोचवायला गेलो नाही. मी त्याच्यासाठी खात्यात शब्द टाकून ठेवला होता, कायम नोकरी, पेन्शन. तो तिकीट दाखवत उभा राहिला. मी सांगून टाकलं, मी विमानतळात पाऊल टाकणार नाही, ना पोचवायला, ना आणायला. बोललो ते बोललो. आजही त्यात फरक नाही. पण वाशी लांब पडतं हे मात्र मी खपवून घेणार नाही. लांब म्हणजे किती लांब, ते एकदा मोजूनच दाखवतो.

२४ नोव्हेंबर

आज सहारला जाऊन आलो. शपथेप्रमाणे फाटकाच्या बाहेरच राहिलो. आत जायचं कारणही नाही, बसचा स्टॉप फाटकाबाहेरच आहे.

आधी सत्यशोधन म्हणून एका टॅक्सीवाल्याला वाशीचं भाडं विचारलं. तो दात कोरत होता. म्हणाला, “खाडीपार? काका, येताना खाली गाडी घेऊन मी काय हवा खात येऊ? रिटर्न धरून साडेसहाशे.”

मी मीटरचं विचारलं. तो हसला. शेजारचाही हसला. तिसऱ्याने मला विचारलं, “सामान किधर है?” सामान नाही म्हटल्यावर तिघांचा माझ्यातला रस संपला. मी त्यांना मोटार वाहन कायद्यातलं जेवढं आठवलं तेवढं ऐकवलं. त्यातल्या एकाने मला पाणी विचारलं, हेही लिहून ठेवतो.

मग बसने परत. सहार ते सायन एक, सायन ते वाशी दुसरी. एक तास पन्नास मिनिटं, दोन बसमध्ये मिळून दहाची नोटही मोडली नाही धड. कुठे आहे लांब? गिरगावातून लग्नाला डोंबिवलीला जायचो तेव्हा याहून जास्त वेळ लागायचा, आणि तेव्हा कुणी म्हणायचं नाही की सवडीने जाऊ.

२८ नोव्हेंबर

नंदिनी म्हणाली, तुम्ही हात हलवत गेलात, त्याच्याकडे दोन मोठ्या बॅगा असतील. मुद्दा बरोबर आहे. मोजणी करायची तर पूर्ण करावी.

म्हणून आज पहाटे पावणेपाचला माळ्यावरच्या दोन बॅगा काढून त्यात रद्दी भरली. वजनकाट्यावर प्रत्येकी अठरा किलो. विमानाच्या नियमाने खरं तर बत्तीस हवं, पण माझे गुडघे बासष्ट वर्षांचे आहेत.

जिन्याशी शहाजीराव भेटले. हे आमचे खालच्या मजल्यावरचे, मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात कांदा-बटाट्याचा व्यापार. पहाटे गाळ्यावर निघालेले. बॅगा बघून जागीच थांबले.

“काका, ह्ये वं काय? काकूंशी भांडान झालं काय? ऱ्हावा माझ्याकडं दोन दिस, पन आसं जाऊ नगा.”

त्यांना समजावण्यात सात मिनिटं गेली. वेळेच्या तक्त्यात ती धरलेली नाहीत.

बसमध्ये कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं. सायनहून सहारला जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये फाडलं नाही. एकाच शहरात एकाच बॅगेला दोन न्याय! मी दुसऱ्या कंडक्टरला म्हटलं, नियम असेल तर माझ्याकडून घ्या, नसेल तर पहिल्याची तक्रार करतो. तो म्हणाला, “काका, टेन्शन घेऊ नका, बसा खाली.” बसायला जागा नव्हती.

५ डिसेंबर

पत्रक तयार झालं. तीन कच्चे मसुदे, चौथा पक्का. एकूण सतरा कलमं. शीर्षक: ‘सहार विमानतळ ते वाशी (स्वतःचे घर) येथे माफक खर्चात पोचण्याबाबत’. कंसातले दोन शब्द मुद्दाम घातले आहेत.

काही महत्त्वाची कलमं इथेही उतरवून ठेवतो. कलम दोन: विमान रात्री उतरत असल्याने उजाडेपर्यंत आतच बसावे, बाकडी आहेत असे समजते. कलम चार: टॅक्सीस सक्त मनाई, कोणी कितीही गोड बोलो. कलम सात: सहा पन्नासची बस घ्यावी, ती रिकामी येते (स्वतः खात्री केली आहे). कलम नऊ: खांबाच्या डाव्या हाताला उभे राहावे, उजवीकडे गटार आहे. कलम बारा: सायनला उतरल्यावर कोणासही वाशीची बस विचारू नये, प्रत्येक जण वेगळे सांगतो; निळ्या पाटीच्या दुकानासमोर थांबावे. कलम सतरा: घर तिसऱ्या मजल्यावर, दारावर ‘ज. ग. रेडकर’ अशी पितळी पाटी आहे. बेल बिघडलेली नाही.

खाली ‘तपासून बरोबर आढळले’ असं लिहून सही केली. पाकीट बंद करणार तेवढ्यात हिने पत्रक मागितलं. दोन ओळी लिहायच्यात म्हणाली. खाली दोन बोटं जागा होती. ती स्वयंपाकघरात जाऊन लिहून आली. तब्येत सांभाळ, स्वेटर आण, असलाच मजकूर असणार. मी वाचला नाही. सरळ डिंक लावला.

पोस्टात तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, “कागदपत्रं आहेत का?” मी हो म्हटलं.

२० डिसेंबर

तिसरी फेरी. सहा पन्नासची बस खरंच रोज रिकामी येते का, हे एकदा बघून ठरवणं बेजबाबदारपणाचं होतं.

आज त्या बसवर परत तोच कंडक्टर, टेन्शन घेऊ नका म्हणणारा. बिल्ल्यावर नाव सुभाष. त्याने मला ओळखलं. “काय काका, परत आले? दुबईला जातात आणि रोज परत येतात की काय?”

मला त्याचा आगाऊपणा आवडला नाही. तरी मी त्याला प्रकार समजावला, कारण लोकांचा गैरसमज होऊ देणं बरं नाही. सगळं ऐकून त्याने डोकं खाजवलं. “म्हणजे पोरगा येणार, तर तुमी त्याच्या बॅगा आधीच उचलून बघताय?”

मी म्हटलं, मार्गाची तपासणी करतोय. तो म्हणाला, “तेच ते.” मुळीच तेच नाही! आणि वर सामानाचे पैसेही घेतले नाहीत. मी बळेच दिले.

५ जानेवारी १९९७

महिन्याच्या पहिल्या रविवारी निशांतचा फोन येतो. मी घेत नाही, ही घेते. आज हिने बोलता बोलता फोन माझ्या कानाला लावला आणि गॅसकडे निघून गेली. गॅसवर काहीही नव्हतं.

“बाबा, पत्रक मिळालं.”

“सगळी कलमं वाचलीस?”

“वाचली. अठराही वाचली.”

मी म्हटलं, सतरा आहेत. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बघतो, बाबा.” आणि बिल वाढतं म्हणून फोन ठेवला.

बघतो! महिनाभर गुडघे झिजवून मी जे बघितलं ते हा आता बघणार. बघतो म्हणजे यशराजकडे जातो, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. आणि सतरा कलमंही धड मोजता येत नाहीत, इंजिनिअर म्हणे.

रात्री हिला म्हटलं, तो येणार नाही, तू उगाच तीळ निवडत बसू नकोस. ती निवडत राहिली.

९ जानेवारी

सोसायटीत बातमी फुटली आहे. आज संध्याकाळी शहाजीराव वर आले, बरोबर त्यांची आई बायजाबाई. कुणाचा मुलगा परदेशाहून येणार म्हटलं की सगळी इमारत त्याला आणायला जाणार, हा आपल्याकडचा रिवाज. एकाला आणायला बारा जण! हार, पेढे, आणि परतताना ज्याला आणायला गेलो तोच गाडीच्या दाराच्या फटीत.

“काका, माझा टेम्पो हाय की,” शहाजीराव म्हणाले. “माल उतरवला का मोकळाच आसतोय. म्होरं पोरगं आन् काकू, मागं आमी समदे. सांगा कवा येऊ.”

मी म्हटलं, अमेरिकेहून आलेला माणूस कांद्याच्या टेम्पोतून येणार नाही.

बायजाबाई म्हणाल्या, “टेम्पोतनं न्हाई आला तरी चालंल, पन बापानं सामोरं जावं बाबा. लेकरू दारात आल्यावर मंग वाकळ अंथरायची व्हय?”

मी स्पष्ट सांगितलं की मी जाणार नाही, कुणीही जाणार नाही, पत्रक पुरेसं आहे. चहा न घेताच उठल्या. नंदिनी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेली आणि बराच वेळ खालीच बोलत होती. वर आल्यावर मला एवढंच म्हणाली, “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.” कुणाबद्दल ते मी विचारलं नाही. निशांतबद्दलच असणार.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणून मी दोनदा वाढून घेतलं. पण स्वयंपाक चौघांना पुरेल इतका! मी म्हटलं, निशांत आलाच तर परवा सकाळी येईल, आजपासून ताटं कसली मांडतेस? ही म्हणाली, “हात जरा सैल पडला.” कॉटवरचे पापडही तिने आजच काढले, चादर घातली. सगळंच एक दिवस आधी. वय झालं की हिशेब चुकतो.

उद्या पहाटे शेवटची तपासणी करायची असं ठरवलं होतं. परवा तो (आलाच तर) सहा पन्नासची बस घेणार, म्हणजे आदल्या दिवशी सगळं जागेवर आहे ना, हे पाहायला हवं. परंतु गुडघ्याने आज फारच त्रास दिला. जेवताना म्हटलं, राहू दे, नाही जात उद्या.

आणि काय आश्चर्य! महिनाभर माझ्या फेऱ्यांवर बोटं मोडणारी ही एकदम म्हणाली, “जाऊन या की. एवढं केलंत, शेवटचं कशाला सोडता? मी गुडघ्याला तेल लावून देते.”

तेल लावून दिलं. शेवटी बायकोलाही माझ्या कामाची किंमत कळली म्हणायची. उशिरा का होईना.

बॅगांशेजारी तिने एक पिशवी भरून ठेवली आहे. थर्मास, डब्यात तिळाचे लाडू आणि दोन कप. मी विचारलं, दोन कप कशाला, मी काय दोन तोंडांनी पिणार आहे? आधीच छत्तीस किलो उचलायचे आहेत. म्हणाली, एक फुटला तर. थर्मासच्या झाकणातही पिता येतं, हे या बाईला कोण सांगणार. वर बाल्कनीतला दिवा चालू ठेवून झोपली आहे. मी दोनदा उठून बंद केला, दोनदा परत लागला.

१४ जानेवारी

सकाळपासून लिहायला बसतोय, आता दुपारचे तीन वाजलेत.

सहा पस्तीसला सहारच्या स्टॉपवर पोचलो. धड उजाडलं नव्हतं. स्टॉपवर एकच माणूस, बॅगेवर बसलेला. दुसरी बॅग वाटेत आडवी. दाढी वाढलेली, चष्मा, पुढचे केस मागे सरकलेले, स्वेटर गळ्याभोवती. आणि बसलेला कुठे, तर खांबाच्या उजव्या हाताला, गटाराच्या बाजूला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “अहो मिस्टर, रांग इकडून असते.”

त्याने मान वर केली. त्याच्या मांडीवर एक कागद होता. फुलस्केप, समास सोडलेला, अक्षर माझं.

“बाबा,” तो म्हणाला.

मला पहिल्यांदा राग आला, तो का ते सांगता येणार नाही. “तू आज कसा? चौदाच्या रात्री ना तुझं विमान?”

“चौदाच, बाबा. ००:४५. बारा वाजले की तारीख बदलते ना.”

पस्तीस वर्षं आवक-जावक. आम्ही आपले सूर्य उगवला की दिवस मोजणारे, आणि विमानं मोजतात मध्यरात्रीपासून. भोगीची रात्र होती ती. हिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

म्हणजे हा पाऊण वाजल्यापासून इथे! मी चारचौघांत ओरडलो. तिथे चौघेही नव्हते, पण ओरडलो. “सहा तास बसून राहिलास? अक्कल आहे का? टॅक्सी करायची! यशराज दहा मिनिटांवर ना तुझा?”

“कलम चार, टॅक्सीस सक्त मनाई.” तो हसत होता, आणि डोळे पुसत होता. “आणि तुम्ही घ्यायला येणार होतात ना.”

मी घ्यायला आलो नव्हतो. मी तपासणीला आलो होतो. हे त्याला सांगणं माझं कर्तव्य होतं. मी म्हणालो, “हो.”

थर्मास उघडला. दोन कप निघाले.

त्याने वाकून नमस्कार केला, मी त्याच्या तोंडात लाडू कोंबला. गोड बोल वगैरे मला म्हणता आलं नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या बॅगांकडे गेलं. “तुम्ही कुठे निघालात?” मी काही बोलायच्या आत बस आली, आणि तिच्यातून सुभाष.

“अरे, आलं वाटतं पोरगं!” सगळ्या बसला ऐकू जाईल असा आवाज. “भाऊ, तुझ्या बापाने दोन-दोनदा रद्दीच्या बॅगा वाहिल्यात या रूटवर. तुला जड पडेल का बघत होते. आज तिसरी खेप.”

या माणसाची तक्रार करायलाच हवी. ड्युटीवर असताना प्रवाशांची खासगी माहिती उघड करणे. निशांतने माझी एक बॅग उचलून पाहिली आणि खाली ठेवलीच नाही. सायनपर्यंत मांडीवर घेऊन बसला. रद्दी आहे, ठेव खाली, म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत राहिला.

सायननंतरच्या बसमध्ये त्याला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. खाडीचा पूल आला तेव्हा त्याला उठवून दाखवणार होतो, बघ, आलंच घर. उठवलं नाही. पत्रक त्याच्या हातातून घसरत होतं ते काढून घेतलं. घड्यांवर विरलेलं, बऱ्याचदा उघडलेलं दिसत होतं. आणि माझ्या सहीखाली, दोन बोटं जागेत, हिचं अक्षर:

‘१८. बाबा घ्यायला येतील. त्यांना उशीर होईल, पण येतील. कुठे जाऊ नकोस.’

घरी पोचलो तर बाल्कनीतला दिवा भर उन्हात जळत होता. दारात बायजाबाई तुकडा ओवाळायला उभ्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक! माझं पत्रक, माझी सही, आणि माझ्या पाठीमागे माझ्या नावाने वचनं दिली जातात! निशांत आंघोळीला गेल्यावर मी हिला स्वयंपाकघरात गाठलं. तुला तारीख माहीत होती. मला सांगितलं का नाहीस?

ती गुळाच्या पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “सांगितलं असतं, तर गेला असतात?”

मी उत्तर दिलं नाही. इथे लिहितो. गेलो नसतो.

१५ जानेवारी

निशांत त्या कॉटवर काल दुपारी झोपला तो आज सकाळी उठला. उठून बाल्कनीत गेला आणि म्हणाला, “वारा छान आहे इथे.” वाशीबद्दल एवढंच. ठीक आहे.

परतीचं विमान २६ तारखेला, ००:३०. कोणती रात्र ते हिला विचारून घेतलं. मग खाली जाऊन शहाजीरावांना सांगितलं, टेम्पो पंचविसाला संध्याकाळीच हवा, पुढे निशांत आणि काकू. ते म्हणाले, “आन् तुमी, काका?”

मी मागे बसेन म्हटलं. त्यांनी विचारलं, फाटकापर्यंतच का? मी म्हटलं, नाही, आतपर्यंत.